झामसिंगजींनी लिहिलेली फारकत

गोंदियाजवळच्या मुर्रीत शिरून झामसिंगजींचं घर कुठं म्हणून विचारलं, तर समोरचा माणूस घर दाखवायच्या आधी तुमचं तोंड नीट बघून घ्यायचा. घरी काही बिनसलं आहे का, याचा अंदाज घ्यायचा म्हणा ना. कारण सुखासमाधानातला माणूस झामसिंगजींकडे फारसा जात नसे. ज्याचं लग्न पार मोडकळीला आलं, तोच जाई, आणि येताना फारकतीचा कागद घेऊन येई.

झामसिंगजी वकील नव्हेत बरं का. आयुष्यभर रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाडीचे रूळ बदलणारे, होते, त्यातली एकवीस वर्षं दरेकशाच्या स्टेशनात. डोंगरातलं एवढंसं स्टेशन, दिवसाकाठी थांबणाऱ्या गाड्या बोटावर मोजण्याएवढ्या. रिकाम्या वेळात हा माणूस जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर अक्षर घोटत बसे. अक्षर असं झालं की स्टेशन मास्तर स्वतःच्या बदलीचा अर्जसुद्धा यांच्याकडून लिहून घेत. मग आसपासच्या गावांचे लोक येऊ लागले, कोणी अर्जासाठी, कोणी वाटणीपत्रासाठी. एकदा एका पंचानं सोडचिठ्ठी लिहून घेतली. ती इतकी नेटकी उतरली, की तेव्हापासून त्या भागात नवराबायकोचं फाटलं की लोक पहिली गाडी पकडून दरेकसा गाठू लागले. निवृत्त होऊन मुर्रीला घर बांधलं, तर लोक तिथंही येऊन धडकले.

त्यांची लिहायची एक रीत होती. कागद सुरू करायच्या आधी दोन्हीकडच्यांना जेवायला घालायचं. भरल्या पोटी माणूस कमी भांडतो, असं त्यांचं म्हणणं. मग मुलीनं माहेराहून काय काय आणलं होतं ते एकेक करून विचारायचं. गंज, पराती, कोपर अशी सगळी भांडी, शिलाई मशीन, सगळं अंगणात येऊन पडल्याशिवाय पेनाचं टोपण निघत नसे. एका नवऱ्यानं पाण्याचा पितळी गुंड दडवून ठेवला, तर झामसिंगजींनी त्याला भर उन्हात गावी परत पाठवून तो आणवला होता. म्हणून बायांच्या माहेरचे लोक त्यांचं नाव आदरानं घेत. कागदावर पाच पंचांच्या सह्या, खाली झामसिंगजींची, आणि झाली फारकत. दोन्हीकडचे मोकळे. त्या कागदावर कितीतरी बायांची दुसरी लग्नं लागली, संसार झाले, लेकरं झाली. झामसिंगजींच्या कागदावर शंका घ्यायची कोणाची टाप नव्हती.

एक नेम मात्र त्यांनी कधी मोडला नव्हता. पोटुशी बाईचा कागद ते लिहीत नसत. पोट मोकळं होऊ दे, मग या, म्हणून परत पाठवत. कायद्यातच तसं आहे, असं ते ठासून सांगत. कोणत्या कायद्यात ते कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी वाचलं नव्हतं.

तो नेम मोडला शेजारच्या उदारामच्या रवितासाठी. रविता म्हणजे झामसिंगजींच्या ओट्यावर वाढलेली पोर. यांना पोटी लेकरू नाही, त्यामुळं झामसिंगजी आणि त्यांची बायको रामबाई दोघांचाही जीव तिच्यात. पहिलं अक्षर तिनं यांच्याजवळ गिरवलं, पहिल्यांदा सायकलवरून पडली तीही यांच्याच दारात. आमगावकडच्या उमेंद्रशी लग्न झालं तेव्हा झामसिंगजी वरातीमागून रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेले होते. दोन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, ती पिशवी घेऊन परत आली. पाचवा महिना चालू होता. उमेंद्रनं तीनदा हात उचलला होता. पहिल्या दोन वेळा तिनं घरी सांगितलं नाही, तिसऱ्यांदा सरळ बस पकडली.

"आबाजी, मले आता त्याच्या घरी जायाचं नाही," ती म्हणाली. "लेकरू माझ्यापाशीच राहीन. त्याही लोकाईनं मागून येऊन ओढून नेऊ नये, एवढा कागद करून द्या."

झामसिंगजी आपला नेम सांगायला गेले, पण तो अर्धाच सांगितला. पोर समोर बसलेली, एक हात पोटावर, डोळे कोरडे. रडली असती तर कदाचित समजूत घालता आली असती. तीच म्हणाली की बाळंत होईपर्यंत त्या नावाखाली राहायची मला भीती वाटते. झामसिंगजींनी रामबाईकडे बघितलं, रामबाईंनी भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी ते गोंदियाला गेले आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन आले.

उमेंद्रकडून त्याचे वडील श्यामलाल आले. गोड बोलणारा माणूस. भांडी परत दिली, मशीन परत दिली, कुठं आडकाठी केली नाही. फक्त एक ओळ घाला म्हणाला. ओळ अशी, की रविताच्या पोटी जन्मास येणाऱ्या अपत्याची सर्व जबाबदारी तिचीच राहील, उमेंद्रचा त्या अपत्याशी संबंध राहणार नाही आणि त्याच्याकडे खावटी, म्हणजे पोटगी, कधीही मागितली जाणार नाही. झामसिंगजींना तर ही ओळ देवानंच पाठवल्यासारखी वाटली. ज्याचा संबंध नाही तो ओढून न्यायला येईल कसा? त्यांनी ती अशी टपोऱ्या अक्षरात लिहिली, की श्यामलालही वाहवा म्हणाला. रवितानं सही केली. त्या दिवशी झामसिंगजी जेवताना दोनदा भात घेऊन झोपले, इतका त्यांचा जीव थंड झाला होता.

कागदाला तडा गेला तो आशा सेविका सुशिलाबाईंमुळं. सातव्या महिन्याच्या तपासणीला रविता गेली आणि कार्डावरचं नवऱ्याचं नाव खोडून तिथं आपल्या बापाचं नाव लिहा म्हणाली. सुशिलाबाईंनी कार्ड हातात घट्ट धरून ठेवलं. फारकत कोणत्या कोर्टातून झाली, असं त्यांनी विचारलं. झामसिंगजींनी लिहिली, असं कळलं. मग म्हणाल्या, गोंदियाच्या कोर्टात बायांना फुकट वकील मिळते, तिथं एकदा कागद दाखवून ये, आणि लिहिणाऱ्यालेही संगं ने.

झामसिंगजींना राग आला. आयुष्यात कोणी त्यांचा कागद तपासायला मागितला नव्हता. पण रवितासाठी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले.

वकील निघाली दामिनी नावाची, तिशीतली, एका दमात मराठी आणि हिंदी बोलणारी. तिनं कागद दोनदा वाचला. अक्षर बहोत सुंदर आहे, असं आधी म्हणाली, आणि झामसिंगजी जरा सैल बसले. मग तिनं कागद टेबलावर ठेवला.

"कागद चांगला आहे, बाबाजी. पण हा घटस्फोट नाही."

मग ती सावकाश समजावत गेली. लग्न कोर्टाच्या हुकमानं मोडतं, पंचांच्या सहीनं नाही. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा तिला मान देतो, पण ती रूढी आहे हे कोर्टासमोर सिद्ध करावं लागतं, आणि यांच्या कागदांपैकी एकही त्या पायरीपर्यंत गेला नव्हता. म्हणजे रविता आजही उमेंद्रची बायकोच. बाई पोटुशी असताना घटस्फोट मागता येत नाही, असं कायद्यात कुठंही नाही. मारहाणीच्या कारणानं ती आजही अर्ज करू शकते. दोघांच्या राजीखुशीनं हवा असेल तर मात्र वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि हिला तर दोनच महिने झालेत. ऐकता ऐकता झामसिंगजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. जे होतं ते होत नाही म्हणून ते बायांना परत पाठवत आले, आणि जे होत नाही ते लिहून देत आले.

शेवटची ओळ दामिनीनं बोट ठेवून वाचली. लग्न टिकून असताना जन्मलेलं लेकरू कायदा नवऱ्याचंच मानतो, त्या दिवसांत दोघांची गाठभेटच नव्हती असं सिद्ध झालं तरच नाही, ती म्हणाली. लग्न मोडल्यावरही दोनशे ऐंशी दिवसांच्या आत जन्मलं आणि आईनं मधे दुसरं लग्न केलं नसलं, तर तेही त्याचंच. त्याच्या पालनपोषणाचा हक्क त्या लेकराचा आहे. आई आपलं काही सोडून देऊ शकेल, पण लेकराचं सोडून द्यायचा तिला अधिकार नाही, मग लिहिणाऱ्याला कुठून असणार? आणि ओढून नेण्याची भीती म्हणाल, तर एवढं लहान लेकरू कोर्ट सहसा आईपासून तोडत नाही. त्यासाठी असली ओळ लागतच नव्हती. उलट ती ओळ दाखवून उद्या श्यामलाल म्हणेल, बाईनं राजीखुशीनं सगळं सोडलं आहे.

उठताना झामसिंगजींनी अडखळत विचारलं की माझ्या कागदांवर ज्या बायांची दुसरी लग्नं झाली, त्याहीचं काय. दामिनीनं आधी लेकरांचं सांगितलं. लेकरांचं काही जात नाही, म्हणाली, कायदा आईबापाच्या चुकीची शिक्षा लेकरांना देत नाही, त्यांचा बाप तो त्यांचा बापच राहतो. बायांचं मात्र एकेकीचं बघावं लागेल.

घरी आल्यावर त्यांनी सगळं रामबाईंना सांगितलं. रामबाई तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता थांबल्या.

"गंज मोजून घेतले, पराती मोजून घेतल्या. आन् पोरीच्या पोटचं लेकरू कसं इसरले जी तुम्ही?"

एवढं बोलून त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

तिसऱ्या दिवशी श्यामलालचा फोन आला. आवाजात साखर. उमेंद्रचं दुसरं लग्न जमून राहिलं आहे, मुलगी चिचगडची, साक्षगंध म्हणजे साखरपुडा येत्या रविवारी. मुलीचे वडील चैतराम यांना बाकी सगळं पसंत आहे, फक्त फारकत पक्की आहे ना एवढीच शंका, म्हणून लिहिणारा माणूस स्वतः समोर पाहिजे. तुम्ही येऊन नुसतं हो म्हणा, गाडी पाठवतो. तुमचा कागद आहे म्हणून तर पोरगी देऊन राहिले, असंही तो म्हणाला.

रविताला कळलं तेव्हा तिचा चेहराच उतरला. उमेंद्रवर तिची माया उरली नव्हती. तिची भीती एकच होती. त्याचा नवा संसार थाटला, की या लेकराला तो ओळखही दाखवणार नाही आणि ती ओळ सगळ्यांच्या तोंडावर मारेल. दामिनी फोनवर म्हणाली की हुकमाशिवाय दुसरं लग्न हा गुन्हा आहे, मी नोटीस पाठवते, तुम्ही जायची गरज नाही. खरंच नव्हती गरज. अंगात कणकण आहे म्हणून घरी बसले असते तरी चाललं असतं. नोटीस गेली असती, कागद खोटा ठरला असता, आणि झामसिंगजींचं नाव त्या गोंधळात कुठंतरी दबून गेलं असतं. रात्रभर त्यांनी हाच विचार केला, हे त्यांनी मागाहून स्वतःच कबूल केलं. सकाळी उठून म्हणाले, श्यामलालची गाडी नको. देवरीपर्यंत एक बस, तिथून चिचगडची दुसरी, असे ते एकटेच निघाले.

चैतरामच्या अंगणात मांडव टाकलेला होता. झामसिंगजींना बघताच लोक उठून उभे राहिले. जुन्या पंचांनी हात जोडले, त्यांना गादीवर नेऊन बसवलं. श्यामलालनं त्या कागदाची आपल्याकडची प्रत प्लास्टिकच्या पिशवीतून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, हेच ते. चैतरामनं विचारलं, फारकत पक्की ना जी?

झामसिंगजी गादीवरून उठले. म्हातारपणी उठताना गुडघ्याला हात लावावा लागतो, तसा लावून उठले.

"हा कागद मीच लिहिला. पण यानं फारकत होत नाही. उमेंद्रची बायको माझ्या शेजारी आहे, तिले सातवा संपून राहिला, आन् ते लेकरू उमेंद्रचंच आहे. मी लिहिलं तरी ते तुटत नाही. कोर्टात गेल्याबिगर तुम्ही पोरगी देऊ नका."

श्यामलालचं गोड बोलणं तिथंच संपलं. म्हाताऱ्याला चळ लागला, पोरीच्या बापानं फितवला, काय काय बोलला. उमेंद्र खाली मान घालून बसला होता. एकानं विचारलं की मग एवढी वर्षं तुम्ही लोकांना काय लिहून देत होते. झामसिंगजी म्हणाले, चूक लिहून देत होतो. मांडवात एवढी माणसं, पण कोणी हसलं नाही आणि कोणी शिवीही दिली नाही. दोघं जुने पंच तेवढे बाहेर निघून गेले.

रविताचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. साक्षगंध मोडलं. दामिनीनं रविताकडून खावटीचा अर्ज टाकला, श्यामलालच्या वकिलानं ती ओळ पुढं केली आणि कोर्टानं ती बाजूला सारली. होळीनंतर रविताला मुलगी झाली. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव उमेंद्र. त्यानं दवाखान्यात येऊन स्वतः सही केली, बापाला न सांगता आला होता म्हणतात. आता तो दर महिन्याला एकदा येतो, पोरीसाठी काहीतरी भलत्याच मापाचा फ्रॉक आणतो. रामबाई त्याला चहा देतात आणि चहाबरोबर चार शब्दही सुनावतात. रविताला त्याच्याकडे परत जायचं नाहीच. दिवाळीत वेगळं राहून वर्ष भरेल, मग दोघं मिळून अर्ज करणार आहेत, आणि यावेळी तो दामिनी लिहिणार आहे.

पण त्या दिवशी मांडवात हे काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. श्यामलाल आपली माणसं घेऊन निघून गेला. जेवणाची पातेली तशीच भरलेली. झामसिंगजीही बसची वेळ विचारून निघाले होते, तेवढ्यात चैतराम त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. रागावला असता तर सोपं गेलं असतं. त्याचा आवाज फार हळू होता.

"माझ्या बहिणीची, रेणूची फारकत तुम्हीच लिहिली होती जी, दरेकशाले. तिचं दुसरं लग्न मीच करून दिलं."

रेणू तिथंच होती, दारात. भावाच्या घरी कार्य म्हणून आली होती, पाण्याचे ग्लास भरलेला ट्रे हातात तसाच राहिलेला. चाळिशीची बाई. तिनं मांडवातलं सगळं ऐकलं होतं. झामसिंगजींना तिचं तोंड आठवेना. इतके कागद लिहिले, की कोणती बाई कोणत्या गावची हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि त्या घडीला त्यांना याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. तोंडातून कशीबशी माफी निघाली. मी लिहिलेला तुझा कागदही असाच आहे बाई, ते म्हणाले, मी तुझ्यासंगं कोर्टात येतो, माझ्या तोंडानं सांगतो.

रेणूनं माफीचं ऐकलंच नसावं. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"माझ्या दुसऱ्या घरच्या दोन्ही पोराईच्या दाखल्यावर त्याहीच्या बापाचं नाव आहे. ते कोनी काढू शकते का?"

आयुष्यभर आपल्या कागदात ताकद आहे, या भरवशावर झामसिंगजी ताठ चालले होते. चार दिवसांपूर्वी ती नाही असं कळलं आणि त्यांची मान खाली गेली होती. रेणूचा प्रश्न ऐकला, दामिनीचं बोलणं आठवलं, आणि लेकराचा बाप ठरवायची ताकद आपल्या कागदात नाही याचा त्यांना पहिल्यांदाच आनंद झाला.

"नाही, बाई," ते म्हणाले. "ते कोनीच काढू शकत नाही. माझ्या कागदानं लेकराचा बाप जात नाही."

रेणूनं ट्रे खाली ठेवला आणि त्यातला एक ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला.